वाट पाहण्याचा पगार

नगरपालिकेच्या जमाखर्चात अग्निशमन खात्याइतके अडचणीचे खाते दुसरे नसेल. झाडणारा रोज झाडतो, पाणीपुरवठ्याचा माणूस रोज व्हॉल्व्ह फिरवतो, वसुलीवाला रोज पावत्या फाडतो. संध्याकाळी त्यांचे काम दाखवता येते. बंबावरचा माणूस महिन्यातले बरेच दिवस ठाण्यात बसून असतो आणि त्याने तसेच बसून राहावे अशी गावाचीही इच्छा असते. वाट पाहणे हीच त्याची नोकरी. तिचा पगार का द्यायचा, हा लेखापालाचा प्रश्न दीडशे वर्षे जुना आहे. इंग्रजी अमदानीत त्यावर तोडगा निघाला तो असा, की वाहन घ्या, नळ्या घ्या, माणसांचे जमेल तसे बघू. जळगाव आणि धुळे ही कापसाची, कडक उन्हाची शहरे आजही त्याच तोडग्यावर दिवस काढत आहेत, असे माझे म्हणणे आहे.

हा तोडगा कसा तयार झाला ते मुंबईत दिसते. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात लागलेल्या आगीत वस्तीचा मोठा भाग जळून गेला. तरी शहराला स्वतःचे पूर्णवेळ दल मिळायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. १८५५ पासून आग विझवणे हे पोलिसांचे जोडकाम होते. घोड्यांचे बंब होते, ते चालवणारे हात मात्र अर्ध्या वेळेचे. १ एप्रिल १८८७ रोजी दल नगरपालिकेकडे आले आणि १८८८ च्या कायद्याने आगीपासून जीविताचे व मालमत्तेचे रक्षण हे पालिकेचे कर्तव्य ठरले. लंडनच्या दलातून निकोल्स नावाचा अधिकारी मुख्य म्हणून आणण्यात आला. १९०७ मध्ये मोटारीचा पहिला बंब आला. दलाचा इतिहास सांगणारे टिपण कुठलेही घ्या, त्यात घोडा, वाफ, मोटार आणि विजेची घंटा याच क्रमाने येतात. शिडीवर कोण चढत होते, त्याला काय मिळत होते, तो किती तास जागा असे, याला त्यात एखादी ओळही मिळत नाही. गंमत अशी की आग लागो न लागो, घोड्याला रोज चंदी लागते, हे कुठल्याही हिशेबनिसाला समजावून सांगावे लागत नसे. माणसाच्या बाबतीत तेच समजावता समजावता पिढ्या गेल्या.

माणसे कुठली घ्यायची, याचा विचार मात्र त्या काळी बारकाईने झाला होता. जेम्स ब्रेडवुडने १८२४ मध्ये एडिंबरात दल उभे केले तेव्हा त्याने सुतार, गवंडी, छपराचे कारागीर निवडले. घर कसे उभे राहते हे ज्याला ठाऊक, त्यालाच जळते घर कुठल्या बाजूने बसेल याचा अंदाज येतो. पुढे लंडनमध्ये तो खलाशांकडे वळला, आणि १८६६ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोपोलिटन दलाचा प्रमुख मॅसी शॉ याने तर खलाशीच पसंत केले. दोराची सवय, अपरात्री उठण्याची सवय आणि हुकूम निमूट पाळण्याची सवय. यात एक चौथी सोयही होती. जहाजावरचा माणूस चोवीस तास नोकरीतच असतो, त्याला घर आणि पाळी यांचा फरक माहीत नसतो. लंडनचा फायरमन पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत असाच ठाण्यात राहून अखंड कामावर असे. हाच साचा हिंदुस्थानात आला. पुण्याच्या दलात आजही तांडेल हे खलाशांकडचे पद आहे, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे असला तरी.

मला विचाराल तर ब्रेडवुडची पहिली निवड खानदेशाला जास्त उपयोगाची होती. इथले जुने घर धाब्याचे. लाकडी खांब, त्यावर सर आणि वर मातीचा जाड थर. शेजारच्या कडब्याच्या गंजीवरून ठिणगी उडाली तरी असे घर गवती छपरासारखे भडकत नाही. पण आत आग लागून सर जळले की वरची सगळी माती एकदम खाली बसते, आणि माणूस भाजण्याआधी गाडला जातो. तिथे पाण्याच्या फवाऱ्याला फारसा अर्थ उरत नाही. टेकू कुठे द्यायचा, माती कुठून उपसायची, कोणत्या खांबाला हात लावायचा नाही, हे जाणणारी चार माणसे लागतात. ती गवंडी-सुतारांत मिळतात, आणि त्यांना आगीचे शिक्षण देणे खलाशाला घराचे शिक्षण देण्यापेक्षा सोपे आहे.

जीव वाचवणे हे बंबवाल्याचे काम आहे, हेसुद्धा आपण समजतो तितके जुने नाही. लंडनमध्ये आग विझवणारी दले विमा कंपन्यांनी पोसली होती. माणसांना वरच्या मजल्यावरून उतरवण्याचे काम एका वेगळ्याच धर्मादाय संस्थेकडे होते. ती १८३६ मध्ये निघाली. तिच्या चाकांच्या उंच शिड्या रात्री रस्त्यांच्या नाक्यांवर उभ्या असत आणि प्रत्येक शिडीपाशी एक माणूस पहाटेपर्यंत जागत असे. माल विमा कंपनीचा आणि जीव दानशूरांच्या वर्गणीवर, अशी ती सरळ वाटणी होती. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या वखारी पेटल्या, भिंत कोसळून ब्रेडवुड मेला, विमा कंपन्यांचे कंबरडे मोडले आणि त्यांनी हे काम सरकारच्या गळ्यात घातले. त्या धर्मादाय शिड्या १८६७ मध्ये नव्या दलात आल्या. म्हणजे ज्याला आपण दलाचा प्राण समजतो ते काम त्याच्याकडे सगळ्यात शेवटी आले.

वसाहतीत ही वाटणी आणखी उघडी पडते. कलकत्त्याचे दल पोलीस आयुक्ताच्या हाताखाली होते, आणि १८९३ च्या बंगालच्या कायद्याने तागाच्या वखारींना परवाने लावून त्यांच्या शुल्काची सांगड थेट दलाशी घातली. कायद्याच्या नावातच वखार आणि अग्निशमन दल जोडीने आले. ही व्यवस्था मला काही अंशी पटते. ज्याच्या मालाने धोका वाढतो त्याने पहारेकऱ्याचा पगार द्यावा, यात गैर काही नाही. खानदेशात कापसाने असा पगार कधी दिला नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६० नंतर, कापसाचे भाव चढले, रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि जळगाव, धरणगाव, अमळनेर, धुळे, दोंडाईचा या पट्ट्यात सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. त्यांच्यासाठी पुढे १९२५ चा कापूस जिनिंग-प्रेसिंगचा कायदा झाला. तो वाचला तर सरकारचा जीव कशात होता ते कळते. गाठीवर खूण असावी, कच्च्या कापसाची आणि रुईची ये-जा वेगळ्या दारांनी व्हावी, प्रेसची फरशी पक्की असावी, म्हणजे भेसळ होणार नाही आणि झालीच तर पकडता येईल. लँकेशायरला स्वच्छ रुई हवी होती. दारे दोन मागितली ती रुईसाठी.

त्या दारांच्या आत कोण होते? बहुतेक बायका. १८८४-८५ साली मुंबई सरकारने नेमलेल्या फॅक्टरी आयोगापुढे खानदेशातल्या जिनांची स्थिती आली ती अशी, की हंगामात पहाटे चार-पाचला कामाला लागलेल्या बाईची सुटका रात्री दहाला, आणि गर्दीच्या दिवसांत रात्रपाळी दिवसपाळीला येऊन मिळे. जिनाची आग कशी लागते हे ज्याने एकदा जवळून पाहिले त्याला या तासांचा अर्थ लगेच कळेल. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा येतो, तो यंत्रात घासून ठिणगी पडते, किंवा तेल न मिळालेले बेअरिंग तापते. हवेत आणि तुळयांवर रुईचा भुगा असतोच. झोपेने डोळे जड झालेल्या माणसाला ती पहिली ठिणगी दिसत नाही, आणि जिनात पहिले मिनिट गेले की सगळे गेले.

कापसाची आग पाण्याने विझते असे समजणे ही तर मोठीच फसवणूक. दाबून बांधलेल्या गाठीत पाणी शिरत नाही. वरचा थर काळा पडून ओला होतो आणि आत निखारा दिवसचे दिवस धुमसत राहतो. अशी गाठ बाहेर ओढावी लागते, पट्ट्या कापाव्या लागतात, रुई हाताने उलगडून विझवावी लागते. शंभर गाठींना शंभर वेळा. ही मजुरीची आग आहे. नळी धरणारे दोघे पुरतात ते फक्त पहिल्या तासाला, पुढचे दोन दिवस माणसे लागतात, आणि ती धुरात काम करण्याचे शिकलेली असावी लागतात. एवढे साधे गणित असताना कापसाच्या शहरांनी माणसांऐवजी टाक्या मोजाव्यात, याचे मला नवल वाटते.

कागदावर कर्तव्य होते. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची, जळगावची १८६४ ची. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने आग विझवणे आणि त्या वेळी जीवित व मालमत्ता राखणे हे त्यांच्या आवश्यक कर्तव्यांत घातले. मुंबईला १८८८ मध्ये जे मिळाले तेच कर्तव्य तेरा वर्षांनी मोफसलला मिळाले. मुंबईकडे बंदराचे उत्पन्न होते, वखारवाल्यांचा आणि विमा कंपन्यांचा रेटा होता. इथे जकात, घरपट्टी आणि मेहरूण तलावाचे पाणी. कर्तव्य वरून आले, त्याबरोबर माणसे ठेवण्याइतका पैसा आला नाही. १९६५ च्या नगरपरिषदा कायद्यातही ते कर्तव्य जवळजवळ तसेच उतरले, आणि पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अग्निशमन बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरांच्या वाट्याच्या विषयांत गेले. प्रत्येक पिढीने हे काम आणखी खाली ढकलले.

माणूस मोजला नाही की काय होते, याचा सर्वांत मोठा दाखला १४ एप्रिल १९४४ चा. फोर्ट स्टिकीन हे जहाज बर्कनहेडहून सुमारे १,४०० टन स्फोटके घेऊन निघाले, कराचीत त्यावर हजारो गाठी कापूस चढला आणि १२ एप्रिलला ते मुंबईत व्हिक्टोरिया गोदीत लागले. कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात. धोकादायक माल असल्याचे सांगणारा लाल बावटा जहाजावर नव्हता. १४ तारखेला दुपारी कापसातून धूर दिसला. बंबवाले आले, ३२ नळ्यांनी ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले गेले. धूर इतका की आग नेमकी कुठे आहे हे कळेना, आणि जहाजाभोवतीचे पाणी उकळू लागले. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्करी अधिकारी आणि दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स सगळे तिथे होते. जहाज बुडवायचे की बाहेर ओढायचे, याचा अखेरचा शब्द कुणाचा, हे मात्र ठरत नव्हते. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाची ६६ माणसे गेली. देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह याच तारखेपासून सुरू होतो.

या प्रसंगाकडे आपण शौर्याच्या नजरेने पाहतो आणि ते शौर्य होतेच. मला त्यात दुसरेही काही दिसते. हातात नळी असलेल्या माणसाला आपण कशावर पाणी मारतो आहोत हे पुरते सांगितलेले नव्हते. निर्णय घेण्याचा हक्क असलेले अनेक होते, धोका पत्करण्याची सक्ती मात्र एकाच गटावर होती. वसाहतीच्या दलाची घडणच ती होती. हुकूम वरून, अंग खालच्याचे. मुंबईच्या दलाला पहिला भारतीय मुख्य अधिकारी, प्रधान, मिळाला तो १९४८ मध्ये. पुढच्या काळात एक गोष्ट निश्चित बदलली. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. वरिष्ठ स्वतः आत शिरतात हा बदल मोठा आहे. फक्त त्याने संख्येचा प्रश्न सुटत नाही.

संख्येकडे येऊ. एका बंबावर चालक, प्रमुख आणि चार फायरमन असे साधारण सहा जण लागतात. दिवसाच्या तीन पाळ्या म्हणजे अठरा. साप्ताहिक सुटी धरली की एकवीस. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की चोवीस-पंचवीस. हे एका बंबाचे. स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा जुना निकष तीन लाखांच्या शहरापर्यंत दर ५० हजार माणसांमागे एक पंप आणि पुढे दर लाखाला एक, असा आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजारांचे आणि धुळे पावणेचार लाखांचे होते. म्हणजे जळगावला सात-आठ पंप आणि पावणेदोनशेच्या आसपास प्रशिक्षित माणसे, धुळ्याला त्याहून थोडी कमी. हा आकडा महापालिकेच्या सभेत मांडून पाहा. सात बंब देऊ म्हणणारे मिळतील, बंबाला हार घालून फोटो निघतो. पावणेदोनशे माणसांचा पगार दरमहा, निवृत्तीपर्यंत, आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत देशातली तूट दिली आहे: वाहनांची सुमारे ८० टक्के, माणसांची ९६ टक्क्यांहून जास्त. ही टक्केवारी कुठल्या निकषावर काढली यावर वाद घालता येईल, आणि एवढी मोठी तूट पाहून निकषच हवेतला असावा असे कुणी म्हटले तर मी त्याला हसणार नाही. पण दोन आकड्यांमधला फरक वादापलीकडचा आहे. वाहन त्यातल्या त्यात मिळते, माणूस मिळत नाही. केंद्राने अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून ५,००० कोटी रुपये ठेवले, तेही प्रामुख्याने इमारती, साधने आणि प्रशिक्षण यांच्या दिशेने. पगाराचा बोजा राहतो तो त्याच घरपट्टीवर. मग वाहन नवे, चालक कंत्राटी आणि फायरमन सफाई किंवा पाणी खात्यातून उसना, हे चित्र राज्यातल्या अनेक लहान शहरांत दिसते. कलिनाच्या राज्य प्रशिक्षण केंद्रातून सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली मुले मात्र भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसतात. १८५५ चे अर्धवेळ दल पोलिसांकडून घेऊन आपण झाडूवाल्याकडे दिले, एवढाच फरक.

यावर नेहमीचे उत्तर असते की आता कायदा बदलला. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली, परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे. कल्पना चांगली आहे. प्रमाणपत्र खरे आहे का हे पाहायला माणूस लागतो, तो कुठे आहे? ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत भंडाऱ्याच्या सरकारी रुग्णालयात १० नवजात बाळे गेली आणि सात वाचली. जी वाचली ती कागदाने वाचली नाहीत, त्या वेळी तिथे जागे असलेल्यांनी वाचवली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आग रोज लागत नाही, गरीब शहराने शेकडो माणसे बसवून का ठेवावीत? याचे उत्तर धुळ्यातच उभे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या राज्यातल्या दोन तुकड्यांपैकी एक धुळ्याला असते. राज्य सरकार तिथे जवानांना सज्ज राहण्याचा पगार देते आणि त्यांना आळशी कुणी म्हणत नाही. म्हणजे तत्त्व सरकारला मान्य आहे. मात्र ते दल तासांच्या हिशेबात पोहोचते, आग मिनिटांच्या हिशेबात वाढते. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूर तालुक्यात वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन किमान १३ जण गेले. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात वाढदिवसाच्या फुलबाज्या-मेणबत्त्यांच्या कारखान्यात चार बायका गेल्या. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याच्या नुसत्या अफवेने प्रवासी रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण सापडले. यातले एकही ठिकाण महापालिकेच्या हद्दीत नाही. अशा जागी पहिले पोहोचतात ते शेतातले लोक, रिकाम्या हातांनी.

म्हणून शहराच्या हद्दीवर अडलेले दल ही कल्पनाच सोडून द्यावी असे मला वाटते. जर्मनीत आग विझवणाऱ्यांतले बहुसंख्य स्वयंसेवक आहेत, आणि ते चालते, कारण त्यांचा नियमित सराव होतो, साधने गावातच असतात आणि घंटा वाजली की मालक कामावरून सोडतो. आपल्याकडे स्वयंसेवक म्हणजे गर्दी, असा समज आहे. तालुक्याच्या गावी पाच-सहा पगारी माणसांचा गाभा आणि भोवती गवंडी, सुतार, वेल्डर, वायरमन, ट्रॅक्टरवाले अशी वीस-पंचवीस सराव केलेली माणसे, त्यांना सरावाच्या दिवसाची मजुरी आणि विमा, हे जिल्हा पातळीवर परवडण्यासारखे आहे. पैशाचा एक भाग कापसाकडून यावा. कलकत्त्याने तागाकडून घेतला, तसा जिन-प्रेसवर गाठीमागे हंगामी आकार बसवावा आणि तो फक्त पगाराला वापरता येईल असे कायद्यातच लिहावे, नाहीतर त्याचा नवा बंब होईल. जिनवाले कुरकुर करतील. त्यांच्या विम्याचा हप्ता आणि हा आकार शेजारी-शेजारी ठेवून दाखवला तर कुरकुर किती टिकेल, याबद्दल मला शंका आहे.

लेखापाल विचारेलच की जिन बंद झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, ही माणसे काय करणार. त्या महिन्यांत हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात आणि तापीकाठच्या गावांना इशारे जातात. १८७२ मध्ये गिरणा आणि पांझरा यांना आलेल्या पुराने एकट्या धुळ्यातली शेकडो घरे नेली होती. पुलावरून वाहून गेलेला माणूस शोधायला, विहिरीत पडलेले पोर काढायला, भिजून बसलेल्या धाब्याखालून कुटुंब उपसायला तालुक्यातून आजही फोन येतो तो अग्निशमनाच्याच नंबरवर. तिथे फोन उचलणारा एकटाच असेल तर गाडी कितीही नवी असो, ती घेऊन जायला त्याला आधी फोन खाली ठेवावा लागतो.